कोंबडी गेली, अक्का मेले

आमची कोंबडी मेली त्या सकाळी मी फोनवर माझ्या थोरल्या बहिणीला मारून टाकलं.

अक्का तेव्हा गच्चीवर वडाम घालत होती. तांदळाचं पीठ शिजवायचं, सोऱ्यातून जुन्या धोतरावर पाडायचं आणि उन्हाच्या स्वाधीन करायचं, असं ते काम. ती ठणठणीत होती. वरून कावळ्यांना शिव्या घालत होती, त्या मला खाली ऐकू येत होत्या. खाली परसात, म्हणजे आम्ही ज्याला कोल्लै म्हणतो तिथं, केळीजवळ कोंबडी आडवी पडली होती. मी तिच्याशेजारी उकिडवा बसून रडत होतो. आणि कुंभकोणमहून मावशीचा फोन आला.

"काय रे, आवाज असा कां? रडतोस काय? अक्का कोठे?"

मी म्हणालो, "अक्का मेले."

आता हे उलगडून सांगायला हवं, कारण ही चूक करायला माणूस तंजावरातच जन्मावा लागतो. तमिळमध्ये 'मेले' म्हणजे वर. राजवाड्यामागच्या गल्लीतले आम्ही मराठी लोक एका वाक्यात दोन भाषा ताकभातासारख्या कालवतो. ताक कुठं संपलं आणि भात कुठं सुरू झाला ते खाणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा 'मेले'चा खड्डा आमच्या वाडवडिलांना चांगला ठाऊक होता. आईनं आम्हाला बोलायला यायच्या आधीच बजावलं होतं: डबा मेले असतो, चटई मेले असते, पापड मेले असतात. माणूस मात्र 'माडीवर' असतो. मग माडी असो, गच्ची असो, नाहीतर माणूस नारळाच्या झाडावर चढलेला असो. साठी उलटेपर्यंत मी हा नियम पाळला. त्या सकाळी मोडला.

मावशीला ऐकू कमी येतं. 'मेली' आणि 'मेले' यातला फरक तिच्या कानापर्यंत पोचत नाही. "काय म्हणतोस?"

"मेले, मावशी, मेले," मी ओरडून सांगितलं आणि मला पुन्हा हुंदका आला.

मग अगदी बारीक आवाजात, "कधी?"

"आत्ताच."

"काय झालं होतं रे?"

मला वाटलं, मी कां रडतो ते विचारते आहे. "काही नाही ग. सकाळी चांगली होती. परसात हिंडली. मजकडे बघितली, एकदा पाय झाडली आणि आडवी झाली. मी हाक मारेपर्यंत संपलं."

"कष्ट नाही झाले?"

"नाही. चोच..." म्हणता म्हणता मी बाहीला नाक पुसलं आणि पुढचं वाक्य बाहीतच राहिलं.

जन्मभर मी खेड्यातल्या शाळेत गणित शिकवलं. क्ष म्हणजे काय मानलं ते आधी लिहा, मग पुढं जा, असं पोरांच्या डोक्यात खडू मारून मारून भरवलं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा क्ष न मांडता गणित सोडवून मोकळा झालो.

"आम्ही निघतो," मावशी म्हणाली. "तू एकटा आहेस. काही करू नको. आम्ही येतो."

फोन ठेवल्यावर मला फार भरून आलं. मावशीनं आमच्या कोंबडीला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हा पदर नाकाला लावला होता. तीच मावशी गुडघे दुखत असताना कोंबडीसाठी कुंभकोणम सोडून येणार. माणसं आपण समजतो तितकी वाईट नसतात, असा काहीतरी मोठा विचार माझ्या मनात आला. मोठे विचार मला नेहमी चुकीच्या माहितीवरच येतात.

आम्ही शाकाहारी माणसं. आमच्या घरात अंड्याचं नाव काढायचं तर अक्का आधी देवघराचं दार लोटते. अशा घरात कोंबडी आली तीही माझ्याच चुकीनं. मी निवृत्त झालो त्या दिवशी गावकऱ्यांनी मला सत्कारात एक कापडी पिशवी दिली. निवृत्त माणसाला भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत आहे, म्हणून मी पिशवीत न बघताच भाषण ठोकलं: तुमची ही भेट माझ्या घरात कायम टिकटिकत राहील, तिच्याकडे बघून मी रोज उठेन. लोक इतके हसले की मला वाटलं माझं भाषण जमलं. मग पिशवी हलली. परत करायची तर माझंच भाषण आड आलं. गावच्या बसमध्ये कंडक्टरनं पिशवीकडं संशयानं पाहिलं, तेव्हा मी सांगितलं, घड्याळ आहे. पिशवीतून आवाज आला. गजर, मी म्हणालो. पुढच्या स्टॉपला घड्याळानं पिशवीत अंडं घातलं.

अक्कानं दारातच ठरवून टाकलं. कोंबडी उंबऱ्याच्या आत येणार नाही. अंडी शेजारणीला. कोंबडीला शिवलेला हात धुतल्याशिवाय मी कशाला शिवणार नाही. आणि तिला नाव ठेवायचं नाही, कारण नाव ठेवलं की घरातलं माणूस होतं. म्हणून ती शेवटपर्यंत नुसती 'ती' राहिली. अक्का 'तुझी ती' म्हणायची, शेजारीण 'सारची कोळि', म्हणजे सरांची कोंबडी, म्हणायची, मी 'अग ए' म्हणायचो.

पण त्या 'अग ए'ला ती धावत यायची. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ती तमिळ खेड्यातली कोंबडी होती आणि शेजारीण 'वा वा', म्हणजे तमिळमधलं 'ये ये', म्हणून कण्या दाखवायची तरी मान वळवायची नाही. माझं 'ये' मात्र तिला कळायचं. 'बस' कळायचं. 'नको' कळायचं, पण ऐकायची नाही. थोडक्यात, आमच्या गल्लीतल्या पुढच्या पिढीसारखीच: मराठी सगळी समजते, बोलायची तेवढी नाही. घरात मी आणि अक्का दोघंच. माझं लग्न झालं नाही, अक्का नवरा गेल्यावर परत आली. अक्काशी बोलायचं म्हणजे ऐकून घ्यायचं. माझं ऐकून घेणारा मराठी प्राणी एवढा एकच होता. संध्याकाळी मी परसातल्या दगडावर पेपर घेऊन बसलो की ती माझ्या पायाच्या पंज्यावर येऊन बसायची, उबवल्यासारखी, आणि मी तिला सगळ्या बातम्या सांगायचो. तंजावरात मराठी समजणारे आधीच थोडे. ते त्या सकाळी आणखी थोडे झाले. कोणाला हसायचं असेल तर हसा.

तर, अक्का वडाम घालून खाली आली. तिनं कोंबडी पाहिली, मला पाहिलं.

"मेली काय?"

"गेली."

"कशानं?"

"ठाऊक नाही. उभी होती, पडली."

"हार्ट असेल, सार," शेजारीण भिंतीवरून म्हणाली. तिच्याकडं पाचसहा कोंबड्या आहेत आणि बोलायला वेळ भरपूर आहे. "कालच सांगायला हवं होतं तिनं. रस्सा, कुळंबु तरी झाला असता."

मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अक्का म्हणाली, "दुपारी कचऱ्याची गाडी येते. कागदात बांधून दे त्या बाईकडे. आणि अंघोळ कर."

"ती गाडीत जाणार नाही."

"मग काय पालखीत जाणार?"

"इथं पुरणार. कोल्लैत."

अक्कानं पदर खोचला. हे तिचं कोर्टात उभं राहणं असतं. "या कोल्लैत माझी तुळस आहे. नैवेद्याचं केळीचं पान इथलं जातं. कढीलिंब इथला जातो. त्या मातीत तू कोंबडी पुरणार आणि मी त्यातलं पान देवापुढं ठेवणार? आपल्या घरात अशी रीत कधी झाली नाही."

"आपल्या घरात कोंबडी कधी झाली नव्हती. रीत कोठून होणार?"

"कोंबडी ही रे. नुसती कोंबडी."

तो 'नुसती' शब्द मला लागला. खरं सांगतो, तिथंच माझं रडणं थांबलं आणि दुसरंच काही सुरू झालं. नुसता मास्तर, नुसती पेन्शन, नुसता ब्रह्मचारी. जन्मभर लोकांनी मला हा शब्द लावला आणि मी हसून घेतला. पण तिला लावायचा नाही. ती माझ्या पंज्यावर बसायची. तुमच्यापैकी कितीजणांच्या पंज्यावर कोण आपणहून येऊन बसलंय? मी अक्काला सांगितलं, "गाडीतून जाणार असेल तर मीही तिच्याबरोबर गाडीत बसतो. लोकांना सांग, भावाला कचऱ्यात दिला."

"घेतील काय ते तुज?" अक्का म्हणाली. "ओला कचरा वेगळा मागतात ते."

मग मला हुकमी पत्ता आठवला. "मावशी निघाली आहे. भेटायला."

"कोंबडीसाठी?"

"कोंबडीसाठी. तुला नसली तरी काही माणसांना किंमत आहे."

यावर मात्र अक्कानं खोचलेला पदर सोडला. तिला काही ते पटलं नाही, पण मावशी येते म्हणजे चार माणसांचा स्वयंपाक आला. ती आत गेली आणि डाळ लावली.

मी कोंबडीला माझ्या धुतल्या पंच्यात गुंडाळलं आणि तिच्यावर तिचंच बांबूचं झाकण, पंचारम, पालथं घातलं, कावळ्यांपासून. अक्का आत गुंतली होती, तेवढ्यात खड्डा तयार करून ठेवावा, म्हणजे वादच मिटेल, असा माझा बेत. शेजारणीकडून कुदळ मागितली. तिनं दिली आणि तमाशा बघायला भिंतीवर हनुवटी टेकून उभी राहिली. मी जागा फार विचारानं निवडली: तुळशीपासून लांब, केळीपासून लांब, कढीलिंबापासून लांब. भिंतीजवळ माती मऊ दिसत होती. ती मऊ कां होती याचा विचार गणिताच्या मास्तरानं करायला हवा होता. तिथं मागच्या उन्हाळ्यात नळाची पाइप पुरली होती, आणि पुरताना मीच उभा राहून देखरेख केली होती.

तिसऱ्या की चौथ्या घावाला पाणी वर उडालं. नुसतं वाहिलं नाही, उडालं, देवळाच्या उत्सवात उडतं तसं. मी त्यावर पाय ठेवला, मग बसलो, मग दोन्ही हातांनी दाबलं. अक्का पळी घेऊन दारात आली. तिनं काही विचारलं नाही. तिनं समोर जाऊन मेन व्हाल्व बंद केला आणि परत स्वयंपाकघरात गेली. आतून एवढंच ऐकू आलं, "मावशी आल्यावर पाय धुवायला तुझी ती पाणी देईल."

त्यानंतर अक्काच्या फोनला काय झालं कोण जाणे. सारखा वाजायचा. ती उचलायची, "हां, मीच बोलते," म्हणायची, आणि पलीकडचं माणूस फोन ठेवून द्यायचं. त्रिचीची नणंद एकदा बोलली म्हणे, पण फक्त "अय्यो" एवढंच. अक्का मला म्हणाली, कंपनीवाल्यांना विचार, लाइनीत काही दोष आहे. मी म्हणालो विचारतो. मी चिखलात बसून तुटलेल्या पाइपेला सायकलची ट्यूब गुंडाळत होतो. जग त्या सकाळी माझ्याशी कुठल्या भाषेत बोलतंय ते समजून घ्यायच्या स्थितीत मी नव्हतो.

दुपारच्या सुमाराला बाहेर गाडीचा दरवाजा वाजला आणि पाठोपाठ मावशीचं रडणं. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या मरणाला जसं गल्लीच्या तोंडापासून रडत येतात तसं. मी चिखलाच्या हातांनी पुढच्या दाराकडे पळालो. मावशी मावसभावाच्या खांद्याचा आधार घेऊन येत होती. मावसभाऊ पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे लुंगीसारख्या धोतरात, अनवाणी. आणि त्याच्या हातांत माळ. गुलाब आणि निशिगंधाची, मधे जरीची गुंफण, मांडीएवढी जाड. मी मनात म्हणालो, हे जरा जास्त होतंय. पण मला आवडलं. समोरच्या दोन घरांतली माणसं आपापल्या ओट्यांवर उभी राहिली.

मावशीनं मला मिठी मारली, चिखलासकट. "पोरा, कशी रे एकाएकी गेली?"

"बघता बघता गेली, मावशी."

"लहानपणापासून तुज सांभाळली रे ती."

मला हे जरा अतिशयोक्तीचं वाटलं, पण दुःखात माणसं बोलतात. "हो," मी म्हणालो.

"कोठे ठेवलात?"

"मागं. पंचारमाखाली."

मावशीचं रडणं मधेच अडकलं. मावसभाऊ माझ्याकडं बघू लागला. तो हिशेबाच्या कामातला माणूस, त्याला बेरीज चुकलेली चटकन कळते. तो काहीतरी विचारणार, तेवढ्यात आतून सांबाराच्या फोडणीचा वास आला. मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही. आणि फोडणीमागोमाग हातात पळी घेऊन, घाम पुसत, अक्का दारात आली.

"ये मावशी," ती म्हणाली. "पाय धुवायला पाणी नाही, याची कृपा. तशीच ये."

मावशी जिथं होती तिथं ओट्यावर बसली. मावसभाऊ माळ छातीशी धरून उभा, कोणाचं तरी तान्हं मूल सांभाळायला दिल्यासारखा.

अक्कानं माळ पाहिली. "ही कोणाची माळ?"

कोणी बोललं नाही.

"कोणाची माळ, विचारते."

"अक्का," मावसभाऊ हळूच म्हणाला, "तुमची."

पुढचं मी फार लांबवत नाही. मावशी आधी हसली, मग अक्काला कुरवाळून रडली, मग तिच्या मनात जेवढं भय साठलं होतं तेवढं सगळं रागात वळलं आणि माझ्या अंगावर आलं. मी काय सांगितलं ते तिनं शब्दाला शब्द लावून म्हणून दाखवलं. अक्का ऐकत होती. "पाय झाडली" इथं तिनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"माडीवर म्हणायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?" ती म्हणाली.

"दुःखात होतो."

"कोंबडीच्या."

"हो. कोंबडीच्या."

"वय काय तुझं," मावशी म्हणाली, "आणि कोंबडीसाठी रडतोस, तेही माझ्या कानात? त्रिचीला, मदुरैला, सगळीकडे सांगून झालं माझं. आता काय सांगू, अक्का उठून सांबार करते आहे म्हणून?"

मावसभाऊ म्हणाला, "दादा, राग मानू नका. ती कोंबडी आधी गाडीत देऊन टाका, मग आपण जेवू. मी देतो हवं तर."

म्हणजे आता तिघं. आणि भिंतीपलीकडची चौथी. मी चिखलानं भरलेला, चुकीचा, साऱ्या नात्यात हसं झालेला. अशा वेळी शहाणा माणूस मान खाली घालतो. मी घातली नाही. माझी चूक 'मेले' म्हणण्यात होती, रडण्यात नव्हती. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मी त्या कोणाला एकत्र बांधू देणार नव्हतो. आणि नेमकी तेव्हाच मला ती माळ दिसली.

"ही माळ कोठे ठेवणार?" मी मावसभावाला विचारलं.

"म्हणजे?"

"मेलेल्या माणसासाठी आणलेली माळ. घरी परत नेणार काय?"

"छे," मावशी म्हणाली. तिच्या तोंडून ते आपोआप निघालं. अशी माळ परत न्यायची नसते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक.

"मग देवाला घालणार?"

"काहीतरी बरळू नको," अक्का म्हणाली.

"मग इथं ठेवून जा. खुंटीला. घरात कोणी तरी लागेल तिला कधी."

मावशीनं अक्काकडं पाहिलं आणि चटकन नजर वळवली. अक्कानं माळेकडं पाहिलं. रीतीच्या बाबतीत माझी बहीण कोणाच्या बापाचं ऐकत नाही, पण रीतीचं ऐकते. ती माळ तिच्या नावानं विकत घेतलेली. परत जायची नाही, देवाला चालायची नाही, आणि ठेवली तर तिची वाट बघत बसणार. कुठल्यातरी मेलेल्या देहावर ती चढायलाच हवी. आणि त्या घरात मेलेला देह एकच होता.

"माळ घालून कचऱ्याच्या गाडीत देतात काय कोणाला?" मी विचारलं.

आतून सांबार उतू गेल्याचा आवाज आला तरी अक्का हलली नाही. मग म्हणाली, "केळीच्या पलीकडे. तुळशीच्या या अंगाला अजिबात नको. आणि खोल. मांजरानं उकरून काढलं तर तुज पुरीन."

दुसरा खड्डा मावसभावानं खणला, वेष्टी गुडघ्याच्या वर खोचून, कारण माझ्या हातात कुदळ द्यायला कोणी तयार नव्हतं. मी पंचारम उचललं, पंचा सोडला. ती सकाळसारखीच होती, फक्त लहान वाटली. माळ तिच्या गळ्यात घालायची तर ती माळेतून आरपार गेली. शेवटी मावशीनंच, नाकाला पदर लावून, माळेची गुंडाळी कशी करायची ते सांगितलं आणि आम्ही तिला त्यात ठेवलं, घरट्यात ठेवावं तसं. गुलाबांतून एक तांबडा तुरा तेवढा दिसत होता. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "सार, माझ्या नवऱ्यालासुद्धा एवढी माळ नव्हती." तिनं हे चेष्टेनं म्हटलं की नाही ते मला कळलं नाही. तिच्या कोंबड्या मागं कुचकुचत होत्या.

माती लोटायच्या आधी काही बोलावं असं मला वाटलं. मंत्र मला येत नाहीत आणि आले असते तरी अक्कानं म्हणू दिले नसते. मी म्हणालो, "अग ए." मग पुढं काही सुचेना, म्हणून मी तिला त्या दिवशीच्या पेपरातली बातमी सांगितली. कावेरीला पाणी सोडलंय, मेट्टूरचं धरण उघडलं, पंधरवड्यात आपल्या कालव्याला पोचेल. मावसभावानं मान फिरवली. हसला असावा. हसो. मी पूर्ण बातमी सांगितली, आतल्या पानावरच्या मजकुरासकट.

मग अंघोळी. अक्काचं म्हणणं, कोंबडी असो की राजा, माळ पडली म्हणजे सुतक नसलं तरी अंघोळ आहे. नळ बंद होता, म्हणून मी शेजारणीच्या घरून कळशीनं पाणी आणलं, मावशीला, मावसभावाला, अक्काला आणि शेवटी मला. खेपेगणिक शेजारीण काहीतरी बोलायची. जेवताना कोणी कोंबडीचा विषय काढला नाही आणि सांबार जळकं होतं तेही कोणी बोललं नाही.

निघताना मावसभाऊ दारात अडखळला. आमच्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. पण मरणाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, नाहीतर मरण पुन्हा बोलावल्यासारखं होतं. मुकाट उठून चालू लागायचं. तो बिचारा अक्काकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. अक्का जिवंत समोर उभी, म्हणजे 'येतो' म्हणायला हवं.

"म्हणू नको," मी सांगितलं. "या घरात आज मरण झालं आहे."

मावशीनं कपाळाला हात लावला. मावसभाऊ क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग काही न बोलता पायऱ्या उतरला. गाडीत बसेपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. माझ्या नात्यातला हा माणूस मला पूर्वी कधी एवढा आवडला नव्हता. मावशी मात्र गाडीच्या खिडकीतून ओरडली, "येते ग, येते," आणि अक्का तिला हात करत राहिली.

संध्याकाळी मी परसातल्या दगडावर बसलो. पेपर उघडला नाही. अक्का गच्चीवरचे वडाम काढून घेऊन आली आणि माझ्यासमोर, कधी बसत नाही तिथं, केळीच्या बुंध्याशी ताट घेऊन ते उलगडत बसली. मातीचा उंचवटा तिच्या पाठीमागं होता. तिनं तो बघितला नाही, पण बसताना पाय त्याच्यावर पडणार नाही असं बघितलं.

"मावशी सांगत होती," ती म्हणाली, "फोनवर तू इतका रडत होतास की तिला दुसरी शंकाच आली नाही."

"रडलो मी. पुन्हा रडेन."

"रड की. नको कोण म्हणतो?" तिनं एक वडाम उन्हाकडं धरून पाहिला, वाळला का ते. "मी खरंच मेले असते तर इतका रडला असतास?"

अशा प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं असतं. मी दिवसभर सगळ्यांशी भांडलो, एकालाही हार गेलो नाही, आणि इथं एका श्वासाचा उशीर केला.

"रडलो असतो," मी म्हणालो. "जास्त रडलो असतो."

"नाही रे," अक्का वडाम उलटत म्हणाली. "तू आधी मजच येऊन विचारला असतास, आता कॉफी कोण करणार."